एका गृहपाठाचे उत्तर : बेळगाव आणि कुत, एप्रिल १९१६



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या वर्गात १९६० साली मी आठवीत होतो. आज या व्यासपीठावर उभा राहताना वक्ता म्हणून मिळालेल्या मानापेक्षा विद्यार्थी म्हणून राहून गेलेली एक बाकी मला अधिक जाणवते आहे. गुरुजींनी दिलेला एक गृहपाठ मी त्या वर्षी केला नव्हता. केला नव्हता एवढेच नव्हे, तर त्याबद्दल मी त्यांच्याशी खोटे बोललो होतो. आजचे व्याख्यान म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ लांबलेले त्या गृहपाठाचे उत्तर आहे.

प्रसंग असा. गुरुजी होमरूल चळवळीचा पाठ शिकवीत होते. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती २८ एप्रिल १९१६ रोजी, आपल्या याच बेळगावात, मुंबई प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष झाले आणि नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस. या परिषदेला गांधीजीही आले होते. आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे हे ऐकून आम्हा मुलांना मोठी धन्यता वाटली. गुरुजींनी पुस्तक मिटले आणि ते म्हणाले, "त्या दिवशी टिळक कोठे होते ते पुस्तकात आहे. तुमच्या घरचे कोण कोठे होते ते पुस्तकात नाही. घरी विचारा आणि वहीत लिहून आणा."

मी शनिवारी खानापूर तालुक्यातील आमच्या गावी गेलो. आजोबा सोप्यावर दावे वळीत बसले होते. मी वही उघडून विचारले, "आजोबा, एकोणीसशे सोळा साली तुम्ही कुठं होता?" त्यांचे हात थांबले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, अर्धवट वळलेले दावे तसेच खाली ठेवले आणि ते गोठ्यात निघून गेले. रात्री पाने वाढली तरी ते आले नाहीत. आजीने मला डोळ्यांनीच गप्प केले. सोमवारी मी वर्गात उभा राहून सांगितले, "आजोबांना आठवत नाही, गुरुजी." गुरुजींना ते खरे वाटले नसावे, पण ते रागावले नाहीत. "बरं. आठवलं की लिही," एवढेच म्हणाले.

आजोबा १९६४ साली वारले. तोपर्यंत मी त्यांना तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आमच्या घरात त्यांच्याविषयी माहिती होती ती एका वाक्याची : 'तरुणपणी लढाईला गेले होते.' कोणती लढाई, कोणता मुलूख, किती वर्षे, याची वाच्यता नव्हती. मात्र त्यांच्या काही सवयी आम्हा सर्वांच्या परिचयाच्या होत्या. ताटात एक शीतही ते राहू देत नसत. ताटाबाहेर पडलेले शीत बोटाने टिपून तोंडात घालीत. घरचे कुलदैवत खंडोबा. दरवर्षी मंगसुळीला जाणे होई. आजोबा सर्वांबरोबर येत, पण देवळाच्या आत पाऊल टाकीत नसत. दीपमाळेजवळ उभे राहून लांबूनच हात जोडीत. "असतो एकेकाचा हट्ट," असे म्हणून मोठी माणसे तो विषय मिटवीत.

तिसरी गोष्ट त्यांच्या शेवटच्या आजारातील आहे. तापात दोन दिवस ते एकच शब्द पुटपुटत होते : "एकमेक… एकमेक…" माझे थोरले काका, वडील आणि धाकटे काका उशाशी बसलेले होते. बापाने जाताना तिघांना एकमेकांना धरून राहायला सांगितले, असा त्याचा अर्थ सर्वांनी घेतला. त्या शब्दाखातर आमच्या शेताची वाटणी झाली नाही. दोन वेळा भांडणे विकोपाला गेली, वकिलापर्यंत जाणे झाले. पण 'म्हाताऱ्याचा शेवटचा शब्द' आडवा आला आणि तिघे परत फिरले. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे.

मी इतिहासाचा शिक्षक झालो. तीस वर्षे मुलांना पानिपत आणि वसईचा तह शिकविला. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेला मात्र मी सेवानिवृत्तीनंतरच हात लावला. तिच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात दोन पदके गुंडाळलेली सापडली. एक काशाचा तारा, त्यावर १९१४-१५ ही वर्षे; दुसरे विजयपदक. तिसरे, चांदीचे पदक फार पूर्वी एका वाईट साली सोनाराकडे गेले होते, असे धाकट्या काकांनी सांगितले. त्या महायुद्धातील पदकांची एक रीत इतिहासाच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडते. पदक कोणाचे ते त्याच्या कडेवर किंवा पाठीमागे कोरलेले असे : क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. भिंगातून पाहिले तेव्हा विजयपदकाच्या कडेवर आजोबांचे नाव दिसले आणि त्यापुढे '११७ मराठाज'.

आता जी हकीकत सांगणार आहे ती या एका ओळीच्या आधाराने उलगडलेली आहे. ११७ वी मराठा ही मुंबई लष्करातील जुनी पायदळ पलटण. १९२१ साली तिला 'रॉयल' ही पदवी मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली, आणि त्याच सुमारास या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आपल्या बेळगावात आले. ज्या केंद्राच्या बिगुलाचा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याच घराण्यातील ही पलटण. आपल्या दाराशी असलेला इतिहास आपल्याला ठाऊक नसतो, याचे मी स्वतःच उदाहरण आहे.

पहिले महायुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फ्रान्समधील खंदक येतात. परंतु त्या युद्धात हिंदुस्थानातून जी दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, त्यांतील सर्वांत मोठा भाग गेला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. इराणी आखाताच्या माथ्याशी इंग्रजांचे तेलाचे हितसंबंध होते आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरत होते. त्यासाठी सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनची निवड झाली. तिच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा होती. ही ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबर रोजी शत्‌-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली. त्याच महिन्यात बसरा हाती आले. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्कांचा मोठा हल्ला परतविला गेला. सहज मिळालेल्या या विजयांनी वरिष्ठांची भूक वाढली आणि तेलाच्या रक्षणासाठी गेलेली फौज बगदादकडे चालू लागली.

सेनापती होते मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड. नद्यांतून वाहतूक करण्यास बोटी अपुऱ्या, जखमींसाठी व्यवस्था तुटपुंजी, पाठीशी राखीव फौज नाही, अशा स्थितीत ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला पोहोचली. जुन्या इराणी सम्राटांच्या राजवाड्याची प्रचंड कमान तेथे अजून उभी आहे. २२ नोव्हेंबरला तिच्या छायेत लढाई झाली आणि टाउनशेंडची साडेचार हजारांच्या आसपास माणसे मृत किंवा जखमी झाली. बगदाद काही कोसांवर राहिले आणि फौज मागे फिरली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती टायग्रिस नदीच्या एका वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावी येऊन थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. तो जवळजवळ पाच महिने चालला.

सुटकेसाठी दक्षिणेकडून जी फौज चालून आली तिने शेख साद, हन्ना, दुजैला आणि सन्नैयत येथे तुर्कांच्या फळीवर धडका दिल्या. आत अडकलेल्या तेरा हजारांना सोडविण्यासाठी बाहेर सुमारे तेवीस हजार माणसे मृत वा जखमी झाली, आणि तरीही वेढा उठला नाही. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. वेढलेल्या फौजेला आकाशातून रसद पुरविण्याचा जगातील हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. गावात सापडलेले धान्य दळण्यासाठी जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले गेले होते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले. माझ्या आजीचे जाते ओसरीवर अजून पडून आहे.

आत उपासमार सुरू झाली होती. शेवटच्या दिवसांत माणशी पीठ चार ते पाच औंसांवर, म्हणजे जेमतेम सव्वाशे ग्रॅमवर आले. घोडे आणि खेचरे मारली जाऊ लागली. गोरे शिपाई ते मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी, ते नाकारले. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही बळावला. हिरड्या सुजत, जखमा भरून येत नसत. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने अनुज्ञा मागविण्यात आली. ती आली, तरीही पुष्कळ जण आपल्या निर्धारावर ठाम राहिले. अखेर एप्रिलच्या मध्यास टाउनशेंडने कडक हुकूम काढला आणि आठवड्याभरात बहुसंख्य हिंदी सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले.

मंगसुळीच्या दीपमाळेजवळ उभे असलेले माझे आजोबा मला येथे दिसले. खंडोबाचे वाहन घोडा. मराठ्याच्या घरी घोड्याला दसऱ्याला ओवाळतात. ज्याने प्राण वाचविण्यासाठी देवाचे वाहन खाल्ले तो देवळात कोणत्या पायांनी जाणार? हे अनुमान आहे, पुरावा नव्हे, आणि विद्यार्थ्यांसमोर बोलताना हा भेद मी पुसून टाकणार नाही. पण इतकी वर्षे ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो ते त्यांनी स्वतःलाच दिलेले प्रायश्चित्त असू शकेल, ही शक्यता शिधावाटपाच्या एका तक्त्याने माझ्यापुढे ठेवली. ब्राह्मणाकडे जाऊन प्रायश्चित्त घ्यायचे तर काय घडले ते तोंडाने सांगावे लागले असते. ते त्यांना सांगायचे नव्हते.

२९ एप्रिल १९१६ रोजी तोफा फोडून टाकण्यात आल्या आणि कुत शरण गेले. सरकारी नोंदीप्रमाणे त्या दिवशी १३,३०९ माणसे तुर्कांच्या हाती पडली : २७७ इंग्रज अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे शिपाई, ६,९८८ हिंदी शिपाई आणि ३,२४८ हिंदी नोकरचाकर. या शेवटच्या वर्गात भिस्ती, आचारी, खेचरवाले, डोलीवाले असत. टाउनशेंडला सन्मानाने इस्तंबूलजवळच्या एका बेटावर ठेवण्यात आले. त्याचा आवडता कुत्रा तुर्कांच्या परवानगीने सुखरूप इंग्रजांकडे पोहोचला. अकराशेच्या वर आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली. उरलेल्यांना चालविण्यात आले.

बगदाद, आगगाडीने समारा, तेथून पायी तिक्रित, मोसुल, नुसैबिन आणि रास-अल-ऐन. सुमारे आठशे किलोमीटरांची ही वाट बहुतेकांनी अनवाणी, उन्हाळ्यात आणि अर्धपोटी तुडविली. जे मागे पडले ते वाळवंटात राहिले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. याच जागी त्याच वर्षी हद्दपार केलेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्यांतून कत्तली झाल्या. आपल्या कैद्यांच्या डोळ्यांसमोरून ती माणसे गेली. गोऱ्या शिपायांपैकी सतराशेहून अधिक कैदेत मेले. हिंदी कैद्यांत ज्यांचा मृत्यू नोंदला गेला ते आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही ते मिळून सुमारे तीन हजारांच्या घरात जातात.

'ठावठिकाणा लागला नाही' हा सरकारी रकाना होय. घराच्या बाजूने त्या रकान्याचा अर्थ काय होता ते मला आजीने सांगितले होते, पण ऐकताना मला त्याचे मोल कळले नव्हते. आजोबा गेल्यानंतर एकदा ती म्हणाली होती, "तीन पावसाळं तुझ्या आज्याची चिठ्ठी न्हाई, की निरोप न्हाई. लोक म्हनायचे, कुक्कू पूस. मी न्हाई पुसलं. चौथ्या साली भाताची मळणी झाली आन् दारात उभा. मी वळखलंच न्हाई." तीन पावसाळे म्हणजे १९१६, १९१७ आणि १९१८. अदलाबदलीत सुटलेला माणूस १९१६ च्या उन्हाळ्यातच बसऱ्याला पोहोचला असता आणि त्याचे पत्र घरी आले असते. तुर्कस्तानशी युद्ध थांबले ते ३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोसच्या तहाने. आजीच्या पावसाळ्यांची गणती आणि तहाची तारीख एकमेकींशी जुळतात. आजोबा ती वाट चालले होते, असे मी आता खात्रीने म्हणू शकतो. ज्या दस्तऐवजाच्या आधारे म्हणतो तो एका निरक्षर स्त्रीच्या स्मरणात होता.

बंगालमधून तेथे गेलेल्या काही सुशिक्षितांनी लिहून ठेवले. डॉक्टर असलेले कॅप्टन कल्याण मुखर्जी कैदेत असताना १९१७ साली रास-अल-ऐन येथे वारले. त्यांची पत्रे त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, १९२८ साली 'कल्याण-प्रदीप' या ग्रंथात प्रसिद्ध केली. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांनी कैदेतही टिपणे जपली आणि १९५७ साली 'अभि ले बगदाद' हे पुस्तक काढले. तेथे आजीने नातवाचे लिहिले. येथे नातवाने आजोबांचे लिहायचे राहून गेले होते. आपल्या भागातून गेलेले शिपाई बहुतांशी शेतकऱ्यांची मुले. सही म्हणून अंगठा उठविणारे. त्यांची टिपणे नाहीत म्हणून त्यांना अनुभव नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण इतिहास लिहिताना आपण पुष्कळदा तसेच वागतो.

रास-अल-ऐनच्या छावणीची हकीकत शोधताना मी एका इंग्रज कैद्याच्या आठवणी वाचत होतो. पहारेकऱ्यांकडे भाकरी मागितली की उत्तर मिळे, 'एकमेक योक'. तळटीपेत अर्थ दिला होता : भाकरी नाही. तुर्की भाषेत 'एकमेक' म्हणजे भाकरी.

श्रोतेहो, ते पान मी किती वेळ तसेच धरून बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. १९६४ साली तापात पडलेला एक वृद्ध शेतकरी आपल्या मुलांना उपदेश करीत नव्हता. तो अठ्ठेचाळीस वर्षे मागे, परक्या मुलखात, परक्या भाषेत, बंदुकीच्या टोकापुढे हात पसरून भाकरी मागत होता. आम्ही उशाशी बसून होतो, घरात भाताची कणगी भरलेली होती, आणि तो काय मागतो आहे हे आमच्यापैकी कोणालाही कळले नाही.

हे घरी सांगावे की नाही, या विचारात माझे कित्येक महिने गेले. ज्या शब्दावर तीन भावांचे घर टिकले तो शब्द मुळात त्या अर्थाचा नव्हता, हे सांगण्याचा मला काय अधिकार? शेवटी मी धाकट्या काकांकडे गेलो. तिघांपैकी तेवढेच मागे उरले होते, नव्वदीच्या जवळ आलेले. मी सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्यांना तेव्हा कुणी भाकरी दिली असंल का रे?" वाटणीविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. त्या दिवशी रात्री त्यांनी जेवणाआधी ताटातील एक चतकोर बाजूला काढून ठेवला, आणि ते हयात होते तोवर त्यांच्या ताटाशेजारी तो चतकोर रोज दिसे.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळतो. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन होत होती. त्या दिवशी माझे आजोबा कुतमध्ये होते. तो वेढ्याचा शेवटून दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी बेळगावात परिषदेचे ठराव चालू असताना कुतमध्ये शरणागती झाली. एकाच जिल्ह्याच्या इतिहासातील हे दोन सलग दिवस. त्यांतील एक आपण पाठ केला आणि दुसरा आपल्या पाठ्यपुस्तकात कधी आलाच नाही.

हे दोन दिवस परस्परांना अगदीच परके होते असेही नाही. मेसोपोटेमियातील गैरव्यवस्थेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ साली बाहेर आला. त्याच्या ठपक्यामुळे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी, हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची ती प्रसिद्ध घोषणा त्यांनी केली. होमरूलच्या चळवळीने जो दरवाजा ठोठावला होता तो किलकिला होण्यात कुतच्या अनर्थाचाही हात होता. लोकमान्यांनीही सैन्यभरतीला सरसकट विरोध केला नव्हता. हिंदी लोकांना बरोबरीचे हक्क आणि अधिकारपदे देणार असाल तर मराठे हजारोंनी देऊ, अशी त्यांची भूमिका होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हेच बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडविले आणि ते सभा सोडून गेले.

पुढे काळ पालटला. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच बेळगावात भरले. आमच्या गावातील माणसे बैलगाड्या जोडून तिकडे गेली. आजोबा गेले की नाही ते कोणी सांगितले नाही. पण त्या वातावरणात 'मी इंग्रजांसाठी लढलो, उपाशी राहिलो, कैदेत पडलो' हे त्यांनी कोणाला सांगावे? साम्राज्याच्या लेखी ते संख्येतील एक होते. बसऱ्याजवळ १९२९ साली उभारलेल्या युद्धस्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी जवानांची मात्र पलटणवार केवळ संख्या. युद्धस्मृती जपणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या विषमतेची कबुली दिली आणि माफी मागितली. आपल्या मराठी मुलखातही काही गावांत त्या युद्धाचे संगमरवरी फलक आहेत : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तेथेही आकडाच, नावे नाहीत. इकडे स्वतंत्र राष्ट्राला जे हुतात्मे आठवायचे होते त्यांत हे बसत नव्हते. घरात तर आम्ही विचारलेच नाही. विचारले ते एकदाच, गृहपाठ म्हणून.

म्हणून आजोबा मुके राहिले याचा दोष मी त्यांच्या स्वभावाला देत नाही. बोलण्यासाठी ऐकणारा लागतो. त्यांना राजाची निष्ठा मिरवायची नव्हती, शौर्यही सांगायचे नव्हते. भुकेची गोष्ट सांगायची होती, आणि भुकेच्या गोष्टीला ना इंग्रजांच्या पराक्रमगाथेत जागा होती, ना आमच्या स्वातंत्र्यगाथेत. ती फक्त त्यांच्या ताटाभोवती आणि देवळाच्या पायरीबाहेर उरली.

येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातील क्वचितच एखादे जुने घर असेल, की ज्यातून कोणी पलटणीत गेले नाही. माळ्यावरच्या ट्रंका उघडा. पदक सापडले तर त्याची कड भिंगातून पाहा. ते घासूनपुसून चकचकीत करू नका, घासल्याने अक्षरे जातात. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारा, कारण कोण किती वर्षे घरी नव्हता याचा हिशेब त्यांनी ठेवलेला असतो. आणि घरात कोणाची एखादी सवय तुम्हांला विचित्र वाटत असेल तर तिला हट्ट म्हणण्यापूर्वी जरा थांबा.

गुरुजी आज नाहीत. त्यांनी मला लिहायला सांगितले होते ते मी १९६० सालच्या त्या वहीत लिहिले आहे. ती वही आईने जपून ठेवली होती. होमरूलच्या धड्यानंतरचे पान कोरेच होते. त्यावर मी असे लिहिले : 'दि. २८ एप्रिल १९१६ रोजी माझे आजोबा, शिपाई, ११७ वी मराठा पलटण, कुत-अल-अमारा येथे होते. त्यांना भूक लागली होती.'

वही मी आज बरोबर आणली आहे. ती शाळेच्या ग्रंथालयाने ठेवून घ्यावी अशी प्रार्थना करतो.